आबाळ झाली, की केली?

अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक राज्याकडे एक यादी असते. मुलांना मारणाऱ्या, त्यांचा लैंगिक छळ करणाऱ्या, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसांची यादी, असं तिचं वर्णन केलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही गुन्हेगारांची यादी असणार. तसं नाही. बहुतेक राज्यांत या यादीत नाव जायला गुन्हा दाखल व्हावा लागत नाही, खटला चालावा लागत नाही, न्यायाधीशाने तुमचं तोंडही बघावं लागत नाही. कुणीतरी हॉटलाइनला फोन करतो. बालसंरक्षण खात्याचा केसवर्कर घरी येतो, फ्रिज उघडून बघतो, मुलांना वेगळं बसवून विचारतो, आणि काही आठवड्यांनी कचेरीत बसून एक शेरा लिहितो. त्याचा वरिष्ठ सही करतो. नाव यादीत चढतं. पुढे शाळेत, पाळणाघरात, कितीतरी राज्यांत आजारी माणसांच्या सेवेला, अशी कुठेही नोकरी मागायला गेलं की ती यादी उघडली जाते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढे वाचताना भांडायला सोपं जाईल. या याद्यांमधली बरीचशी नावं, विशेषतः ‘दुर्लक्ष’ या सदराखाली चढलेली, खोडून टाकायला हवीत. ती खोडणं म्हणजे आईबापांवर मेहेरबानी नव्हे. ते मुलांच्याच भल्याचं काम आहे.

न्यूयॉर्क राज्यात मी नऊ वर्षं दुभाषी होते. मराठी, हिंदी, आणि अडल्यानडल्याला गुजराती. दवाखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या; बहुतेक वेळा फोनवरून. आम्हाला गोपनीयतेचा नियम असतो आणि तो योग्यच आहे, त्यामुळे कुणाच्या घरातलं काही मी इथे सांगणार नाही. पुढे जी उदाहरणं येतील ती निकालपत्रांत आणि वर्तमानपत्रांत छापून आलेली आहेत. माझं स्वतःचं म्हणून जे आहे ते फक्त शब्दांविषयी आहे.

न्यूयॉर्कमध्ये चौकशीअंती आरोप ‘इंडिकेटेड’ ठरतो किंवा ‘अनफाउंडेड’. दुसऱ्या राज्यांत याच शेऱ्याला ‘सब्स्टॅन्शिएटेड’ म्हणतात, कुठे ‘फाउंडेड’. कॅलिफोर्नियात २०१२ उजाडेपर्यंत ‘नॉट अनफाउंडेड’ एवढ्यावर नाव यादीत जात असे. याचं मराठी करून पाहा. ‘बिनबुडाचा नाही.’ आता जो आरोप बिनबुडाचा नाही त्याला बूड आहे, असं काही ठरत नाही. पण त्या दोन नकारांच्या सांदीत माणसं वर्षानुवर्षं अडकून पडली. ‘इंडिकेटेड’ सांगताना तर दर वेळी माझी पंचाईत होई. म्हणजे सिद्ध झालं का? नाही. मग आम्ही सुटलो? तसंही नाही. हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला की तो आता कुणा एकीचा राहिलेला नाही. जिथे भाषेलाच धड शब्द सापडत नाही, तिथे कायद्यानेही काहीतरी धड ठरवलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरा शब्द ‘निग्लेक्ट’. मराठीत त्याला निदान चार शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘दुर्लक्ष’ होतं तसं करताही येतं. ‘हयगय’ करणारा आळशी असतो किंवा बेफिकीर. ‘हेळसांड’ करणाऱ्यावर बोलणाऱ्याचा राग असतो. पण ‘आबाळ’ बहुधा होते. बाप वारला, आई कारखान्यात जाऊ लागली, पोरांची आबाळ झाली. या वाक्यात आरोपी नाही. ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि जमलं तर पोरांना दोन दिवस आपल्याकडे ठेवून घेतो. या नियतकालिकाचे वाचक पुष्कळ भाषांतले आहेत. आपापल्या भाषेत हे शब्द शोधून पाहावेत. मला वाटतं, जिथे जिथे गरिबी जुनी आहे तिथे तिथे ‘झाली’ आणि ‘केली’ वेगळं ठेवण्याची सोय भाषेने करून ठेवली असणार. अमेरिकन फॉर्मवर मात्र एकच चौकोन आहे. आबाळ झाली काय, हेळसांड केली काय, खूण तिथेच.

आणि हा चौकोन लहान नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आकडेवारीत दरवर्षी ज्या मुलांवर अन्याय झाल्याचं ठरवलं जातं त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं ‘दुर्लक्ष’ या सदरात येतात. मारहाण आणि लैंगिक छळ ही सदरं त्यामानाने पुष्कळ लहान. यादीचं नाव ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे राक्षस येतात ते त्या यादीत आहेतच. पण त्यांच्याभोवती जी गर्दी आहे ती प्रामुख्याने पाळणाघर न परवडणाऱ्या, हीटर बंद पडलेल्या घरात राहणाऱ्या, रात्रपाळीला जाताना थोरल्या पोरीवर धाकट्याला सोपवून जाणाऱ्या बायकांची आहे.

शिकागोतल्या एका आईचं प्रकरण घ्या. साल २०१३, उन्हाळ्याचे दिवस. अकरा, नऊ आणि पाच वर्षांची तीन मुलं घराला लागून असलेल्या बागेत खेळत होती. घराच्या खिडकीतून बाग दिसते. आई अधूनमधून खिडकीशी येऊन बघत होती. कुणीतरी हॉटलाइनला फोन केला. इलिनॉयच्या खात्याने चौकशी केली आणि शेरा मारला: अपुरी देखरेख. मुलं काढून नेली नाहीत, कारण काढून नेण्यासारखं काही नव्हतंच. आईवर गुन्हाही नाही. फक्त नाव यादीत. ती बाई घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करण्याचं काम शोधत होती, आणि त्याच कामाला ही यादी आडवी आली. तिने वकिलांच्या मदतीने दाद मागितली, सुमारे दोन वर्षं झगडली, तेव्हा कुठे २०१५ मध्ये खात्याने माघार घेतली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण नेमकी गोम इथे आहे. गरीब, कमी शिकलेल्या किंवा नुकत्याच आलेल्या बाईला अमेरिकेत कुठलं काम मिळतं? दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं. शाळेच्या खाणावळीत वाढायचं. स्कूलबसमध्ये मदतनीस म्हणून. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं, औषधं द्यायचं. बँकेत व्यवस्थापकाची जागा मागणाऱ्याची ही यादी कुणी बघत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची बघत नाही. त्यामुळे तोच शेरा एका घरात मनस्ताप देऊन जातो आणि दुसऱ्या घरात चूल विझवून जातो. चूल विझली की भाडं थकतं, दोन घरं एका खोलीत येतात, मुलं आणखी एकटी पडतात, आणि पुढचा फोन जायला वेळ लागत नाही. आबाळ थांबवण्यासाठी केलेल्या यादीने आबाळ वाढवावी, याला काय म्हणायचं?

न्यूयॉर्कचं एक प्रकरण १९९४ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे आलं. अकरा वर्षांची मुलगी चोरी करताना सापडली म्हणून आईने तिच्या गालावर उघड्या हाताने चापट मारली. शाळेतून खबर गेली. कुटुंब न्यायालयातलं प्रकरण समुपदेशनानंतर निकाली निघालं, मिटलं. पण यादीतलं नाव तसंच. ही बाई शाळेत शिक्षकांची मदतनीस म्हणून काम करायला पात्र होती आणि नाव असल्यामुळे ती अर्जच करू शकत नव्हती. (मुलांना मारू नये, हे मला मान्य आहे. चापट समर्थनीय होती का, हा प्रश्न इथे नाहीच.) त्या निकालपत्रात दोन गोष्टी आहेत ज्या मी पुन्हा पुन्हा वाचते. एक, यादीतल्या माणसाला नोकरी द्यायची तर मालकाला आपण असं का करतो हे लेखी नोंदवून ठेवावं लागे. कोण लिहील? दुसरी, ज्यांनी नाव काढून घेण्यासाठी शेवटपर्यंत दाद मागितली त्यांच्यापैकी जवळजवळ ७५ टक्के लोक जिंकत. खात्याच्या बाजूने याचा अर्थ असा लावता आला असता की बघा, आमची व्यवस्था चुका दुरुस्त करते. न्यायालयाने उलट विचारलं: चारांतली तीन नावं खोडावी लागतात, तर ती लिहिता कशी? नाव लिहायला ‘काहीसा विश्वासार्ह पुरावा’ पुरे होता. म्हणजे दहा पुरावे बाईच्या बाजूने असले आणि एक विरुद्ध, तरी त्या एकावर नाव चढायचं. ही पद्धत घटनेशी जुळत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

हे ७५ टक्के लढणाऱ्यांतले आहेत, हे विसरू नये. यादीत तेव्हा सुमारे वीस लाख नावं होती. किती जणांनी पत्र उघडून पूर्ण वाचलं असेल? पत्र इंग्रजीत येतं. दाद मागायला नव्वद दिवस असतात. ज्या घरात पोर नुकतंच केसवर्करच्या प्रश्नांतून सुटलेलं असतं, त्या घरात ‘मुलं घरीच राहणार’ एवढं ऐकू आलं की माणसं देवाला नारळ फोडतात आणि पत्र खणात टाकतात. पाच-सहा वर्षांनी पाळणाघरातल्या नोकरीसाठी अर्ज केल्यावर त्यांना कळतं की आपण कोण आहोत.

कॅलिफोर्नियाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती इतकी उघड आहे की तिच्यावर भाष्याची गरज नाही. लॉस एंजेलिस काउंटीतल्या एका जोडप्यावर घर सोडून गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने छळाचा आरोप केला. दोघांना अटक झाली, धाकटी मुलं काढून नेली. नंतर वैद्यकीय कागदपत्रांनी आरोप टिकत नाही असं दिसलं. फौजदारी न्यायालयाने नुसतं सोडलं नाही, तर दोघं वस्तुतः निर्दोष आहेत असं जाहीर केलं. बाल न्यायालयानेही आरोप खरा नाही असं म्हटलं. दोन न्यायालयं! तरीही राज्याच्या यादीत नावं होती तशीच, कारण ती काढण्याची रीतच कायद्यात नव्हती. ज्या पोलीस अधिकाऱ्याने नाव पाठवलं त्याचीच मनधरणी करायची, एवढा एकच मार्ग. नवव्या सर्किटने २००९ मध्ये हे घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये हे प्रकरण पोचलं ते कशासाठी, तर काउंटी कधी जबाबदार धरता येते आणि वकिलांचा खर्च कुणी द्यायचा, या वादासाठी.

मुळात ही यादी निघाली कशी? १९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाणाऱ्या मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांतून वर्षभरातली ३०२ मुलं त्यांनी मोजली होती. त्यांतली ३३ मेली होती. क्ष-किरणांत जुन्या, भरून आलेल्या फ्रॅक्चरवर नवं फ्रॅक्चर दिसे, आणि आईबाप सांगत, पलंगावरून पडलं. तो निबंध वाचून कुणाचंही रक्त उसळेल, माझंही उसळतं. पाच वर्षांत जवळजवळ सगळ्या राज्यांनी अशा मुलांची खबर देणं डॉक्टरांना बंधनकारक केलं. यादीचा उपयोगही सरळ होता: बाप आज या रुग्णालयात, पुढच्या महिन्यात त्या रुग्णालयात पोर घेऊन जातो, तर दुसऱ्या डॉक्टरला पहिलं फ्रॅक्चर कळावं. ही यादी मुलाला ओळखण्यासाठी होती. मोठ्यांना नोकरीतून गाळण्यासाठी नव्हती.

मग डिसेंबर १९७१ मध्ये काँग्रेसने सगळ्यांसाठी पाळणाघरं उभारायचा कायदा संमत केला आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला. त्या कायद्यामागचे एक प्रमुख सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनी पुढे मुलांच्या छळाविरुद्ध दुसरा कायदा आणला. तो पार पडावा म्हणून हा प्रश्न गरिबीचा नाही, कोणत्याही घरात घडणारा आहे, असं त्यांनी जाणूनबुजून मांडलं. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी या कायद्यावर सही केली. त्यात छळाच्या शेजारी ‘दुर्लक्ष’ही होतं. म्हणजे ज्या हाताने पाळणाघर नाकारलं त्याच हाताने, तीन वर्षांच्या आत, पोरांना एकटं ठेवणाऱ्या आईची चौकशी करणाऱ्या यंत्रणेला पैसे दिले. राजकारण्यांना मी यापेक्षा जास्त दोष देत नाही. पण गरिबीचं नाव न घेता गरिबांची यादी कशी तयार होते याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत १८ वर्षांचं होईपर्यंत ३७ टक्के मुलांच्या घरी कधी ना कधी अशी चौकशी येते; कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के आहे. निम्म्याहून अधिक घरं राक्षसांची असतात, असं म्हणायची तयारी असेल तर बोला. डोरोथी रॉबर्ट्स या कायद्याच्या प्राध्यापिका वीस वर्षांहून अधिक काळ हेच सांगत आल्या आहेत. त्यांचं ‘टॉर्न अपार्ट’ २०२२ मध्ये आलं, त्याच वर्षी ह्यूमन राइट्स वॉच आणि एसीएलयू या संस्थांचा संयुक्त अहवालही आला. रॉबर्ट्स ही सगळी व्यवस्थाच मोडीत काढायला निघाल्या आहेत. मी तिथपर्यंत जात नाही.

का जात नाही, ते सांगायला हवं, कारण माझ्या विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा तिथेच आहे. तीन वर्षांचं मूल साक्ष देऊ शकत नाही. घरात चार भिंतींआड जे घडतं त्याला साक्षीदार नसतो. फौजदारी न्यायालयात लागतो तसा निःसंशय पुरावा अशा प्रकरणांत मिळत नाही, आणि खरोखरीचे नराधम सुटून पाळणाघरात नोकरीला लागू शकतात. हे खरं आहे. ‘एक जरी मूल वाचलं तरी यादी सार्थकी लागली’ असं जे म्हणतात ते मूर्ख नाहीत आणि दुष्ट तर नाहीतच. माझं उत्तर एवढंच की म्हणूनच ही यादी लहान आणि खात्रीची हवी. बागेत खेळणाऱ्या मुलांची आई आणि पोटच्या पोराच्या बरगड्या मोडणारा बाप एकाच यादीत एकाच शब्दाखाली बसवले, तर पाळणाघराच्या चालिकेने त्यांच्यात फरक करायचा कसा? ती करतच नाही. ती दोघांनाही परत पाठवते, आणि यादीच्या जोरावर आपण मुलांना सुरक्षित केलं असं समजते. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे. भुईचे हाल होतात आणि साप राहतो बाजूला.

सुनावणी नाव लिहिण्याच्या आधी घेता येते. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तसं सांगितलं, नॉर्थ कॅरोलायनाच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये. तिथे आता आधी तटस्थ माणसासमोर दोन्ही बाजू मांडल्या जातात, तराजूचं पारडं एका बाजूला झुकेल इतका तरी पुरावा लागतो, मगच नाव. फौजदारी खटल्याएवढा कडक नाही, शेऱ्याएवढा सैलही नाही. तीन वर्षांच्या मुलाची बाजू मांडायला डॉक्टर आहेत, क्ष-किरण आहेत. जॉर्जियाने तर २०२० मध्ये ही यादीच बंद केली. न्यूयॉर्कनेही शेवटी कायदा बदलला. १ जानेवारी २०२२ पासून तिथे नाव लिहायलाच पारडं झुकवणारा पुरावा लागतो, आणि दुर्लक्षाच्या नोंदी आठ वर्षांनी मालकांना दिसेनाशा होतात. त्यापूर्वी त्या घरातलं सर्वांत धाकटं मूल २८ वर्षांचं होईपर्यंत दिसत. म्हणजे मूल मोठं व्हावं, त्याचं लग्न व्हावं, त्याला मूल व्हावं, आणि त्याच्या लहानपणीचा एक शेरा आईला अजून शाळेच्या दारातून परत पाठवत राहावा.

त्या नातवाचीही गोष्ट आहेच. २००६ च्या केंद्रीय कायद्याने असं ठरवलं की मूल ज्या घरी ठेवायचं त्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं या याद्यांत तपासावीत. उद्देश चांगला. पण लेकीच्या घरून नातवाला काढून नेलं, आणि आजी म्हणाली, माझ्याकडे द्या, तर आजीच्या नावापुढे पंधरा वर्षांपूर्वीची ‘अपुरी देखरेख’ येऊन उभी राहू शकते. मग पोर जातं अनोळखी घरी. आपल्याकडे आजोळ म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको.

आता आपल्याविषयी. हा विषय निघाला की भारतात हटकून एक चित्रपट आठवतो, २०२३ चा ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’, आणि गाडी संस्कृतीवर येते: हाताने भरवणं, एका पलंगावर निजणं, गोऱ्यांना आपली माया कळत नाही वगैरे. त्यात तथ्य नाही असं नाही. पण परदेशातल्या आपल्या लोकांत मी पाहिलं ते असं की आपलं नाव आलं की संस्कृतीचा प्रश्न होतो आणि शेजारच्या कृष्णवर्णीय बाईचं आलं की ‘काहीतरी केलंच असेल’. ही दुटप्पी सहानुभूती मला मान्य नाही. यादीला हातानं भरवलेल्या भाताचं वावडं नाही. ज्याला उत्तर द्यायला वकील परवडत नाही असा माणूस तिला सोपा जातो.

आणि नाव लिहिणाऱ्या वहीशी आपली ओळख अमेरिकेपेक्षा जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्याकडे अशाच वह्या उघडल्या गेल्या. नाव लिहायला गुन्हा लागत नव्हता. जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयात विचारायची सोय कायद्यानेच ठेवली नव्हती. १९११ च्या सुधारित कायद्यात नोंदीविरुद्ध तक्रार करता येई, पण ती जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, आणि नाव ठेवायचं की खोडायचं ही त्याची मर्जी. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, वही मात्र सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून वेगळ्या पुठ्ठ्यात शिरली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ज्यांनी मराठीत किंवा अनुवादातून वाचलं आहे त्यांना शिक्का घेऊन जगणं म्हणजे काय हे माझ्याकडून शिकायची गरज नाही. ही तुलना पूर्ण जुळत नाही, हे मला कळतं. तिथे जन्मावरून नाव चढे, इथे निदान एक आरोप तरी असतो. पण वही ठेवणाऱ्याची सवय तीच: लिहिताना त्याने काही सिद्ध करायचं नाही, खोडायचं असेल तर ज्याचं नाव आहे त्याने धावपळ करायची.

२० सप्टेंबर २०१८ ला भारत सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. सुरुवातीलाच तीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती पोलीस आणि तपासयंत्रणांपुरतीच आहे. पण दर भयंकर घटनेनंतर ती सगळ्यांना खुली करा, आणखी मोठी करा, संशयितांनाही घाला, असं माझी सुशिक्षित मित्रमंडळी बोलताना मी ऐकते. ती यादी निदान न्यायालयातून आलेल्या माणसांची म्हणून सुरू झाली. अमेरिकेची यादीही मोडलेल्या हाडांच्या मुलांसाठीच सुरू झाली होती.

अमेरिकेत सध्या जे अर्धवट राहिलं आहे ते असं. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी पुढची कसोटी कडक केली, पण जुन्या सैल कसोटीवर ज्यांची नावं चढली त्यांनी काय करायचं? उत्तर आहे: अर्ज करा. कुणाला माहीत आहे की अर्ज करता येतो? ज्या बाईने सात वर्षांपूर्वी पत्र खणात टाकलं, तिला आपोआप दिसेनासं व्हायला अजून वर्ष आहे, तोवर तिने नर्सिंग होमच्या धुलाईघरात काम करावं. मारहाणीच्या आणि लैंगिक छळाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासाव्यात, त्या तशा खोडू नयेत. दुर्लक्षाच्या नोंदी मात्र, ज्यांत मुलाला इजा झालेली नाही आणि न्यायालयाने काही ठरवलेलं नाही, त्या खात्याने अर्जाची वाट न बघता स्वतःहून काढाव्यात. पत्ते त्यांच्याकडे आहेत. नाव लिहिलं तेव्हा त्यांनी प्रत्येकीला पत्र पाठवलं होतं. आता नाव काढल्याचं दुसरं पत्र पाठवावं, तिला वाचता येईल त्या भाषेत, आणि त्याची एक प्रत अशी द्यावी की ती उद्या शाळेच्या कचेरीत दाखवता येईल.